रॉक संगीत आणि घरातील स्पीकर

विजेवर चालणाऱ्या गिटारीचा आवाज हा मुळातच स्पीकरचा आवाज असतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. सतारीचे अथवा व्हायोलिनचे ध्वनिमुद्रण घरी ऐकताना आपण स्पीकरकडून मूळ वाद्याच्या हुबेहूब अनुकरणाची अपेक्षा करतो; कारण भोपळ्यातून वा लाकडी पेटीतून निघणारा ध्वनी त्या वाद्याचा स्वतःचा असतो. रॉक संगीताची गोष्ट निराळी आहे. त्यातील गिटारीला पोकळ पेटी बहुधा नसतेच. पोलादी तारेच्या कंपनाने चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, तो विवर्धकात वाढविला जातो, आणि शेवटी दहा-बारा इंच व्यासाचे कागदी शंकू हलू लागले म्हणजे जो गडगडाट उमटतो तोच त्या गिटारीचा आवाज होय. लंडनमधील वाद्यविक्रेते जिम मार्शल ह्यांनी १९६२ साली असे विवर्धक बनविण्यास आरंभ केला. त्यांच्या दुकानात येणाऱ्या तरुण वादकांना आवाज अधिक मोठा हवा होता, आणि अधिक भरडही. हा भरडपणा रॉक संगीतात दोष मानला जात नाही. तो त्या संगीताचा एक घटकच आहे.

ह्यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की, मूळ आवाजच फाटका असल्यामुळे तो ऐकावयास कोणताही स्पीकर चालेल. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. वादकाने हेतुपुरस्सर उत्पन्न केलेली विकृती जशीच्या तशी आपल्यापर्यंत पोहोचावी आणि घरातील स्पीकरने तीत स्वतःची भर घालू नये, अशी अपेक्षा असते. शिवाय हे संगीत मोठ्या आवाजात ऐकले जाते. मंद आवाजात जे दोष झाकलेले राहतात ते मोठ्या आवाजात एकेक करून बाहेर पडतात. म्हणून रॉक संगीतासाठी स्पीकरची निवड हा ध्वनिशास्त्राचा एक उत्तम धडा होऊ शकतो.

परिभाषेविषयी दोन शब्द लिहिणे येथे अवश्य आहे. ‘ध्वनिक्षेपक’ हा शब्द काही लेखक मायक्रोफोनसाठी वापरतात, तर काही लाऊडस्पीकरसाठी. ‘ध्वनिवर्धक’ ह्या शब्दाचीही तीच गत आहे. ह्या गोंधळात न पडता प्रस्तुत पुस्तिकेत सर्वांच्या तोंडी असलेला ‘स्पीकर’ हाच शब्द घेतला आहे. ॲम्प्लिफायरला मात्र ‘विवर्धक’ म्हटले आहे. दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येस ‘कंप्रता’ असे नाव आहे, आणि तिचे एकक हर्ट्‌झ होय.

स्पीकरची रचना

आज घरोघरी दिसणाऱ्या स्पीकरचा आराखडा जवळजवळ शंभर वर्षांचा जुना आहे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे संशोधक चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग ह्यांनी १९२५ साली तो प्रसिद्ध केला. एका बळकट चुंबकाच्या फटीत तारेचे हलके वेटोळे ठेवलेले असते व ते शंकूच्या आकाराच्या पडद्याला चिकटविलेले असते. वेटोळ्यातून संगीताचा प्रवाह वाहू लागला की चुंबकीय प्रेरणेमुळे ते पुढेमागे सरकते, शंकू हवेला ढकलतो आणि ध्वनी निर्माण होतो. ह्या आराखड्यात पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या, तरी मूळ तत्त्व तेच राहिले.

ह्या यंत्राची कार्यक्षमता मात्र फारच थोडी असते. सामान्य घरगुती स्पीकरला दिलेल्या विद्युत्‌शक्तीपैकी शंभरातला एक भाग जरी ध्वनीत रूपांतरित झाला तरी तो चांगला म्हणावयाचा; बाकीची सर्व शक्ती उष्णतेच्या रूपाने वेटोळ्यात जिरते. म्हणजे मोठ्या आवाजात गाणी लावणारा मनुष्य मुख्यतः एक लहानशी शेगडी पेटवीत असतो, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. ह्या शेगडीचे परिणाम आपण पुढे पाहू.

वॉट आणि डेसिबेल

दुकानात गेलेला ग्राहक पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती वॉटचा?’ हा. विक्रेताही त्याच भाषेत उत्तर देतो. परंतु स्पीकरवर लिहिलेला वॉटचा आकडा तो किती मोठ्याने वाजेल हे सांगत नाही. तो जळण्यापूर्वी किती शक्ती सोसू शकेल एवढेच सांगतो, आणि तेही आकडा प्रामाणिक असल्यास. गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्या देशातील बाजारात ‘पी. एम. पी. ओ.’ ह्या अक्षरांचा सुळसुळाट झाला होता. मुठीएवढ्या स्पीकरांच्या जोडीवर हजार-दोन हजार वॉटांचे आकडे छापलेले असत. क्षणाच्या एखाद्या अंशात, कोणत्या तरी काल्पनिक परिस्थितीत मिळू शकणाऱ्या शक्तीचा तो आकडा असे, आणि त्याची कोणतीही सर्वमान्य व्याख्या नव्हती. अशा आकड्याकडे वाचकांनी साफ दुर्लक्ष करावे. सलग सोसता येणारी सरासरी शक्ती, जी ‘आर. एम. एस.’ ह्या अक्षरांनी दर्शविण्याचा प्रघात आहे, तीच विचारात घ्यावी.

त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे स्पीकरची संवेदनशीलता. एक वॉट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबेल ध्वनी मिळतो, हे तो आकडा सांगतो. घरगुती स्पीकरांत तो बहुधा ८४ ते ९२ च्या दरम्यान असतो; कर्ण्याच्या रचनेच्या मोठ्या स्पीकरांत १०० च्याही पुढे जातो. डेसिबेलचे गणित बेरजेचे नसून गुणाकाराचे आहे, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. ३ डेसिबेल वाढविण्यास दुप्पट शक्ती लागते आणि १० डेसिबेल वाढविण्यास दसपट. आपल्या कानाला मात्र ती १० डेसिबेलची वाढ साधारणपणे दुप्पट आवाजासारखी भासते. दहा रुपये खर्चून दोन रुपयांचा माल घरी आणावा, तसा हा व्यवहार आहे.

एक उदाहरण घेऊ. ८६ डेसिबेल संवेदनशीलतेची एक जोडी श्रोत्यापासून ३ मीटर अंतरावर ठेवली आहे. उघड्या मैदानात ह्या अंतरामुळे ९ डेसिबेलहून किंचित अधिक घट झाली असती. खोलीच्या भिंती काही ध्वनी परत देतात म्हणून ती ६ धरू. दोन स्पीकर असल्यामुळे ३ डेसिबेलची भर पडते. म्हणजे प्रत्येकी एक वॉट दिला असता श्रोत्याच्या कानाशी ८३ डेसिबेल मिळतील. रॉक संगीत सरासरी ९० डेसिबेलने ऐकावयाचे ठरविले, तर प्रत्येक स्पीकरला ५ वॉट पुरतात. हे ऐकून कोणासही आश्चर्य वाटेल. परंतु ढोलावर टिपरू पडते तो क्षण सरासरीहून पुष्कळ वर जातो. ती उसळी १३ डेसिबेलची मानली, तर त्या क्षणी १०३ डेसिबेल हवेत, आणि त्यासाठी प्रत्येकी १०० वॉट लागतात. आता ह्याच जागी ९६ डेसिबेल संवेदनशीलतेची जोडी ठेवली तर? त्याच क्षणाला केवळ १० वॉट पुरे होतील. शंभर वॉटांच्या विवर्धकाचे काम दहा वॉटांचा विवर्धक करील, आणि वेटोळ्यातील उष्णताही एक दशांश होईल. मोठ्या आवाजाची आवड असलेल्या माणसाने वॉटांच्या आधी संवेदनशीलता का पाहावी, ते ह्यावरून स्पष्ट होईल.

खर्जाची किंमत

रॉक संगीताचा पाया ढोल व बेस गिटार ह्यांच्यावर उभा असतो. चार तारांच्या बेस गिटारीचा सर्वांत खालचा स्वर सुमारे ४१ हर्ट्‌झ कंप्रतेचा असतो. साध्या गिटारीचा सर्वांत खालचा स्वर त्याच्या बरोबर एक सप्तक वर, म्हणजे ८२ हर्ट्‌झवर असतो. खर्जाचा स्वर मोठ्याने वाजविण्यास पुष्कळ हवा हलवावी लागते, आणि स्वर जितका खाली तितकी ती अधिक. एक सप्तक खाली उतरून आवाज तेवढाच ठेवावयाचा झाल्यास शंकूला पूर्वीच्या चौपट अंतर हलावे लागते.

जमिनीवर ठेवलेल्या बंद पेटीच्या स्पीकरने ४१ हर्ट्‌झचा स्वर एक मीटर अंतरावर १०० डेसिबेलने वाजवावा अशी अपेक्षा केली, तर प्रत्येक कंपनात शंकूने मध्यस्थितीच्या दोन्ही बाजूंस सुमारे २२० घन सेंटिमीटर हवा ढकलली पाहिजे. बारा इंची शंकूचे परिणामी क्षेत्रफळ ५३० चौरस सेंटिमीटरच्या आसपास असते. त्याला ४ मिलिमीटर पुढे व तितकेच मागे जावे लागेल, आणि हे त्यास सहज जमते. आठ इंची शंकूला त्यासाठी एक सेंटिमीटर हलावे लागेल. उत्तम बनावटीचा असेल तरच तो हे करू शकेल. साडेसहा इंची शंकूला दीड सेंटिमीटरहून अधिक अंतर कापावे लागेल, आणि हे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. तो प्रयत्न करील, परंतु वेटोळे चुंबकाच्या फटीबाहेर जाऊन धडपडू लागेल व सुराऐवजी फडफड ऐकू येईल. फडताळात मावणारे सुबक स्पीकर मंद आवाजात कितीही गोड वाजोत, ह्या हिशेबातून त्यांची सुटका नाही.

मग मोठा शंकू लहान पेटीत बसविला तर? येथे दुसरा नियम आडवा येतो. अमेरिकेतील ध्वनितज्ज्ञ जे. अँटन हॉफमन ह्यांच्या नावाने तो ‘लोहनियम’ म्हणून ओळखला जातो. खोल खर्ज, उच्च संवेदनशीलता आणि लहान पेटी ह्या तीन गोष्टींपैकी कोणत्याही दोन मिळू शकतात. तिन्ही एकत्र मिळत नाहीत. संवेदनशीलता तीच ठेवून खर्ज एक सप्तक खाली न्यावयाचा, तर पेटीचे घनफळ आठपट करावे लागते. जाहिरातीत ह्या तिन्ही गुणांचे एकसमयावच्छेदेकरून वर्णन आढळले, तर त्यांतील एक तरी खोटा आहे असे खुशाल समजावे.

ह्या नियमाची दोन टोके अमेरिकेच्या इतिहासात स्पष्ट दिसतात. आर्‌कान्सा राज्यातील होप ह्या गावी पॉल क्लिप्श ह्यांनी १९४६ साली खोलीच्या कोपऱ्यात ठेवावयाचा प्रचंड कर्ण्याचा स्पीकर विक्रीस काढला. त्यांनी पेटीच्या आकाराची पर्वा केली नाही. कोपऱ्याच्या दोन भिंती व जमीन ह्यांनाच कर्ण्याचा पुढील भाग बनविले, आणि एका वॉटात थक्क करणारा आवाज मिळविला. उलट मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे एडगर व्हिल्चर ह्यांनी १९५४ साली ‘ए आर-१’ हा स्पीकर आणला. त्यात बारा इंची शंकू एका लहान, घट्ट बंद पेटीत बसविलेला होता व आतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग केलेला होता. खर्ज अतिशय खोल व शुद्ध मिळाला, पण संवेदनशीलता घटली आणि विवर्धक मोठा लागू लागला. पुढे त्या देशात पूर्व किनाऱ्याचा आवाज व पश्चिम किनाऱ्याचा आवाज असे दोन पंथच पडले. रॉकप्रेमी तरुणांचा ओढा पश्चिमेकडे होता. कॅलिफोर्नियातील जे. बी. एल. कंपनीचे संवेदनशील, बारा इंची शंकूचे स्पीकर ध्वनिमुद्रणगृहांत वापरले जात. त्यांचीच घरगुती आवृत्ती ‘एल-१००’ ही १९७० साली बाजारात आली आणि अफाट खपली.

पेटीला नळीच्या आकाराचे छिद्र ठेवण्याची तिसरी पद्धत आज सर्वांत अधिक रूढ आहे. नळीतील हवा एका विशिष्ट कंप्रतेला अनुस्पंदन पावते व त्या भागात शंकूचे ओझे हलके करते. ह्यामुळे आवाज वाढतो; मात्र त्या कंप्रतेच्या खाली आवाज झपाट्याने घसरतो व शंकूवर लगाम राहत नाही. रॉक संगीतासाठी हा सौदा बहुतेक वेळा परवडतो. ४५-५० हर्ट्‌झपर्यंत बळकटपणे जाणारा स्पीकर ह्या संगीताचा बहुतेक सर्व भाग सांभाळून नेतो. कारण बेस गिटारीच्या सर्वांत खालच्या स्वरातही मूळ कंपनापेक्षा त्याच्या दुप्पट कंप्रतेचा अंश पुष्कळदा अधिक प्रबळ असतो. वीस हर्ट्‌झपर्यंत जाण्याचा अट्टाहास ऑर्गनवादन ऐकणाऱ्यांनी करावा.

खोलीत मोठ्या पेट्यांना जागा नसेल, तर खर्जाची जबाबदारी स्वतंत्र विवर्धक असलेल्या सबवूफरवर सोपविणे हा समंजस मार्ग आहे. ८० हर्ट्‌झच्या खालचा भाग तिकडे वळविला की बाजूच्या लहान स्पीकरांच्या शंकूंची हालचाल एकदम कमी होते. त्याचा लाभ केवळ खर्जाला होतो असे नव्हे. गायकाचा आवाज व गिटार ज्या शंकूतून येतात तोच शंकू खर्जासाठी सेंटिमीटरभर मागेपुढे धावत असेल, तर गाणेही त्याच्याबरोबर थरथरते. मोठ्या स्पीकरांत मधल्या पट्ट्यासाठी तिसरा शंकू ठेवण्याचे कारणही हेच होय.

उष्णता आणि जळणारे ट्वीटर

आता शेगडीकडे वळू. तांब्याचा विद्युत्‌रोध तापमानाच्या प्रत्येक अंशास सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. तासभर जोराने वाजणाऱ्या स्पीकरचे वेटोळे खोलीपेक्षा २०० अंशांनी अधिक तापले, तर त्याचा रोध जवळजवळ १.८ पट होतो आणि तेवढ्याच व्होल्टेजात पूर्वीच्या निम्म्याहून थोडासाच अधिक प्रवाह वाहतो. आवाज चार-पाच डेसिबेलने खाली येतो. श्रोत्याला वाटते, संगीत निस्तेज झाले. तो बटण आणखी पिळतो. वेटोळे आणखी तापते. रॉकच्या बाबतीत हे अधिक संभवते, कारण गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून ध्वनिमुद्रणे अधिकाधिक दाबून, म्हणजे मंद व तीव्र भागांतील अंतर कमी करून, सरसकट मोठी केली जाऊ लागली. ‘मेटॅलिका’ ह्या वृंदाच्या २००८ सालच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ ह्या ध्वनिमुद्रिकेवर खुद्द तिच्या चाहत्यांनी ह्याबद्दल टीका केली होती. अशा मुद्रणात उसळ्या कमी असतात, परंतु सरासरी शक्ती सतत चढी राहते व वेटोळ्याला थंड होण्यास उसंत मिळत नाही. रुंद वेटोळे आणि जड चुंबक असलेला स्पीकर ही उष्णता बाहेर टाकू शकतो. स्पीकर उचलून पाहण्याची जुनी पद्धत सर्वस्वी हास्यास्पद नाही.

ट्वीटरची, म्हणजे तार स्वरांच्या छोट्या पडद्याची, गोष्ट अधिक करुण आहे. संगीताची बहुतेक शक्ती खालच्या स्वरांत असल्यामुळे ट्वीटरच्या वाट्यास थोडे वॉट येतील हे गृहीत धरूनच त्याचे वेटोळे केसासारख्या बारीक तारेचे केलेले असते. शंभर वॉटांचा स्पीकर असला, तरी त्यातील ट्वीटर सलगपणे काही थोडेच वॉट सोसतो. पुष्कळांची समजूत अशी की, विवर्धक लहान असेल तर स्पीकर सुरक्षित राहतो. प्रत्यक्षात ट्वीटर जळतात ते बहुधा लहान विवर्धकांमुळेच. वीस वॉटांच्या विवर्धकाकडून शंभर वॉटांची अपेक्षा केली की तरंगांची शिखरे छाटली जातात. छाटलेल्या तरंगात मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट कंप्रतेचे नवे स्वर उत्पन्न होतात व ते थेट ट्वीटरकडे जातात. शिवाय बटण जसजसे पुढे सरकते, तसतसे खर्जाची शिखरे जागच्या जागी छाटलेली राहून वरचे स्वर मात्र वाढतच जातात. पूर्ण छाटला गेलेला वीस वॉटांचा विवर्धक चाळीस वॉटांपर्यंत शक्ती बाहेर टाकू शकतो. आवाज कर्कश झाला की बटण मागे घ्यावे. तो कर्कशपणा ट्वीटरच्या मृत्यूची पूर्वसूचना असते.

विवर्धक घेताना स्पीकरचा संरोधही पाहावा. ८ ओहमचा स्पीकर बहुतेक सर्व विवर्धकांना चालतो. ४ ओहमचा असल्यास विवर्धकाला दुप्पट प्रवाह पुरवावा लागतो, आणि स्वस्त विवर्धक त्यामुळे तापून बंद पडतात.

खोली

स्पीकर घरी आणला म्हणजे त्याच्या निम्म्या गुणांचा ताबा खोली घेते. समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतर एखाद्या स्वराच्या अर्ध्या तरंगलांबीइतके असेल, तर तो स्वर त्या खोलीत अवाजवी घुमतो. चौदा फूट लांबीच्या खोलीत हा स्वर सुमारे ४० हर्ट्‌झचा येतो, म्हणजे जवळजवळ बेस गिटारीचा सर्वांत खालचा स्वर. भिंतीशी बसलेल्या श्रोत्याला तो गर्जनेसारखा ऐकू येईल, आणि खोलीच्या मध्यावर बसलेल्याला जवळजवळ ऐकूच येणार नाही. म्हणून स्पीकर बदलण्यापूर्वी खुर्ची दोन-तीन फूट हलवून पाहावी. ह्या उपायास खर्च नाही. स्पीकर कोपऱ्यात सरकविला की खर्ज वाढतो, परंतु घुमेही वाढतात. आपल्याकडील सिमेंटच्या भिंती व फरशीची जमीन तार स्वरांना मुळीच शोषून घेत नाहीत. मोठ्या आवाजात झांजांचा नुसता चकचकाट उरतो. जाड सतरंजी, भरलेले पुस्तकांचे कपाट, गादी, जाड पडदे ह्यांनी तो पुष्कळ आवरतो. खर्जावर मात्र ह्यांचा परिणाम होत नाही, आणि शेजाऱ्याच्या भिंतीतून पलीकडे जातो तो खर्जच. भिंतीची ध्वनिरोधक शक्ती खालच्या स्वरांना क्रमाने कमी होत जाते.

आपल्या देशात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे, आणि खाजगी ध्वनियंत्रणेचा आवाज आपल्या जागेच्या सीमेवर ह्या मर्यादेच्या ५ डेसिबेलहून अधिक वर जाता कामा नये. मुंबईत धोबीतलावानजीकचे रंगभवन हे खुले नाट्यगृह रॉकप्रेमींचे तीर्थक्षेत्रच होते. शांतता क्षेत्राच्या नियमामुळे तेथील हे कार्यक्रम थांबले. घरातील श्रोत्याने तर हा हिशेब अवश्य करावा.

कान

आवाज वाढविण्याचा मोह का होतो, ह्याचे शास्त्रीय कारण आहे. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर व मन्सन ह्यांनी १९३३ साली दाखवून दिले की, मंद आवाजात आपला कान खर्जाविषयी बधिर असतो. १००० हर्ट्‌झचा स्वर दोन-तीन डेसिबेललाही जाणवतो, तर ४० हर्ट्‌झचा स्वर नुसता ऐकू येण्यास सुमारे ५० डेसिबेल लागतात. मंद आवाजात ढोल व बेस गिटार नाहीसे होतात, आणि आवाज वाढविला की ते एकाएकी प्रकट होतात. ज्याला खर्जच हवा आहे त्याने सर्वच आवाज वाढविण्याऐवजी विवर्धकावरील खर्जाचे बटण किंचित पुढे करावे. ह्या बटणाला हात न लावण्यात भूषण मानणारे काही शौकीन आहेत. त्यांचे ऐकू नये.

कारण कानाच्या आतील शंखाकृती नळीत प्रत्येकी सुमारे पंधरा हजार केशकोशिका असतात आणि मनुष्यात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यसंस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबेलचा गोंगाट दिवसातून आठ तास सोसण्यास हरकत नाही. पुढे दर ३ डेसिबेलला हा काळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, आणि १०० ला पाव तास. जागतिक आरोग्य संघटना विरंगुळ्याच्या श्रवणासाठी आठवड्याला ८० डेसिबेलचे चाळीस तास एवढाच शिधा सुचविते. वरील उदाहरणातील ९० डेसिबेलच्या हिशेबाने तो शिधा आठवड्याला चार तासांतच संपतो. संगीतात आणि कारखान्याच्या खडखडाटात कान भेद करीत नाही.

येथे चांगल्या स्पीकरचा एक विलक्षण धोका नमूद केला पाहिजे. आवाज मोठा आहे ही जाणीव आपल्याला अंशतः विकृतीमुळे होते. लहान स्पीकर ९० डेसिबेललाच किंचाळू लागतो व आपण त्याला गप्प करतो. उत्तम, संवेदनशील, मोठ्या शंकूचा स्पीकर १०० डेसिबेललाही निर्मळ वाजतो, आणि आवाज मोठा आहे असे श्रोत्याला वाटतच नाही. अशा स्पीकरच्या मालकाने डेसिबेल मोजण्याचे साधन जवळ ठेवावे. आता मोबाइल दूरध्वनीवरही ते मिळते. त्याचा आकडा अगदी काटेकोर नसला तरी ८५ आणि ९५ ह्यांतील भेद तो दाखवू शकतो. खोलीतून बाहेर पडल्यावर कानात बारीक शिटी वाजत असेल, अथवा समोरच्या माणसाचे बोलणे कापसातून आल्यासारखे वाटत असेल, तर मर्यादा ओलांडली गेली आहे असे समजावे.

खरेदीसंबंधी आता थोडेच सांगावयाचे राहिले. दुकानात आपल्या परिचयाचे ध्वनिमुद्रण घेऊन जावे व ते घरी ज्या आवाजात ऐकतो त्याच आवाजात निदान पंधरा मिनिटे ऐकावे. दोन मिनिटांच्या परीक्षेत वेटोळे तापत नाही. दोन जोड्यांची तुलना करताना त्यांचा आवाज सारखा करून घेण्यास विक्रेत्यास सांगावे, कारण जी जोडी किंचित मोठ्याने वाजते तीच कानाला सरस भासते, आणि हे विक्रेत्यांना ठाऊक असते. जुन्या बाजारात सत्तर-ऐंशीच्या दशकांतील मोठ्या शंकूचे स्पीकर अद्याप स्वस्तात सापडतात व रॉक संगीतास ते उत्कृष्ट असतात. मात्र शंकूभोवतीची किनार स्पंजासारख्या फोमची असेल, तर ती दहा-पंधरा वर्षांत कुजते आणि दमट हवेत त्याहून लवकर. पुढची जाळी काढून ती किनार बोटाने हलकेच दाबून पाहावी. चुरा हाताला लागल्यास नवी किनार बसविण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. किनार कापडाची वा रबराची असून शाबूत असेल, तर दोन्ही हातांची बोटे शंकूवर सारखी टेकवून तो अलगद आत दाबावा. आतून खरखर ऐकू आली, तर वेटोळे जळून वाकडे झाले आहे, आणि तो स्पीकर दुकानातच राहू द्यावा.